आमच्या खालच्या मजल्यावरचे पॉपस्टार

आमच्या खालच्या मजल्यावरचे पॉपस्टार परवा गेले.

हसू नका, खरंच पॉपस्टार होते. साठच्या दशकात ऑस्ट्रेलियात मुलींनी त्यांच्या कोटाची बाही फाडून नेली होती.

कॉलिन-सान. (इथे जपानमध्ये नावापुढे आपल्या 'जी'सारखं 'सान' लावतात.) ॲडलेडच्या 'टिन लँटर्न्स' नावाच्या ग्रुपचे ड्रमर.

चौघं शाळासोबती. चर्चच्या हॉलमध्ये शनिवारच्या डान्सला वाजवायचे. मग एक गाणं देशभर गाजलं, पाठोपाठ दुसरं. टीव्ही, एकसारखे सूट, एकसारखे केस.

मग स्वारी बोटीने लंडनला निघाली, जग जिंकायला.

लंडनने ढुंकूनही पाहिलं नाही.

गायक एकटाच नशीब काढायला गेला आणि ग्रुप फुटला. कॉलिन-सान क्रूझवर वाजवत फिरले, योकोहामाला उतरले, तिथे मिचिको-सान भेटल्या. ते इथलेच झाले.

"वाईट नाही वाटलं?" मी एकदा विचारलं होतं.

"गाणं तीन मिनिटांचंच असतं गं. आम्ही तर चांगली चार वर्षं टिकलो."

२०११चा मोठा भूकंप झाला तेव्हा माझी इरा सहा वर्षांची होती.

त्यानंतर ती माझा हात सोडेना. शाळा नाही, झोप नाही. वॉशिंग मशीन थरथरलं तरी टेबलाखाली.

आफ्टरशॉक चालूच होते. टोकियोतल्या आमच्या फुनाबोरी भागातली कितीतरी भारतीय कुटुंबं परत गेली होती, नवऱ्याला प्रोजेक्ट सोडता येत नव्हता. पोर आता कायमची अशीच राहणार, या विचाराने माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

एका दुपारी कॉलिन-सान एक ड्रम घेऊन वर आले. टेबलाशेजारी जमिनीवर बसले.

"हा आवाज मी करतोय. तू हात बाहेर काढलास की थांबणार."

वाजवलं. टेबलाखालून हात बाहेर आला.

ते थांबले.

"मो इक्काई," इरा म्हणाली. म्हणजे, 'पुन्हा एकदा'.

मग रोज यायचे. हळूहळू काठ्या तिच्या हातात गेल्या आणि हात दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं. जूनमध्ये ती एकटी वर्गात जाऊन बसली. मी गेटपाशी उभी राहून रडले.

पुढे आमच्या गणपतीतही दोघं वाजवायची. आरतीचा वेग वाढत जातो, ते कॉलिन-सानना अजिबात सहन व्हायचं नाही. "देवाला शेवटची ट्रेन गाठायची आहे का?"

काल अंत्यसंस्कार झाले.

इथे दहनानंतर घरची माणसं समोरासमोर उभी राहून, दोघांनी मिळून, चॉपस्टिक्सने अस्थी उचलतात आणि कलशात ठेवतात. कॉलिन-सानना मूलबाळ नव्हतं.

मिचिको-सान म्हणाल्या, "तुम्ही दोघी या. घरच्याच आहात."

आपल्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, हे मनात आलं आणि गेलं.

चॉपस्टिक्सनी मी एका अस्थीचं टोक धरलं. अस्थी निसटणार असं वाटलं.

समोर इरा. आता कॉलेजात आहे, मला एरवी जपानीतच उत्तरं देते.

ती मराठीत म्हणाली, "आई, घाबरू नकोस. मी धरलंय."

कॉलिन-सान, माझं लेकरू तुम्ही मला परत दिलंत. आम्ही तुमच्या ऋणात आहोत.

सुखाने जा. नमस्कार.