धुतलं की जाते

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरी गॅलरीत बसून त्यानेच बिघडवलेली मागाची एक फणी दुरुस्त करत होतो. फोन त्याच्या बायकोचा, सुनंदाचा. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाली. मी हातातली पकड खाली ठेवली. मनात पहिला विचार आला तो हा, की आता या माणसाकडून चुकीची कबुली कधीच मिळणार नाही. हे वाचून कुणाला वाईट वाटलं तर वाटो. तीस वर्षं मी त्या एका वाक्याची वाट पाहिली होती.

मधू माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन आता पाच आठवडे होतील. या पाच आठवड्यांत त्याच्याबद्दल जे जे कानावर आलं, ते ऐकून मी थक्क झालोय. अस्सल कारागीर काय, शेवटचा फणीवाला काय... व्हॉट्सअॅपवर तर हात जोडलेल्यांची रांगच लागली होती. यातल्या एकानेही आयुष्यात फणी हातात धरलेली नाही. फणीला उलटं-सुलटं नसतं, तरी या लोकांनी ती उलटी धरली असती. या पुरवणीकडून मला लिहायला सांगितलं तेव्हा शालिनी, माझी बायको, म्हणाली, "चांगलं लिहा हो त्याच्याबद्दल." मी म्हटलं, खरं लिहितो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागावरचे उभे धागे ज्यातून ओवून घेतात ती लांबलचक, वरून-खालून बंद असलेली कंगव्यासारखी चौकट म्हणजे फणी. पोलादाच्या पातळ पट्ट्या हे तिचे दात, असे शेकडो. दातांमधल्या फटींतून धागे जातात, आणि आडवा धागा टाकला की फणीच तो ठोकून जागेवर बसवते. एक दात जरी वाकला तरी कापडात त्या जागी उभी रेघ उमटते, आणि माग चालेल तिथपर्यंत ती चालत राहते. शंभर मीटर कापड विणलं, तर रेघही शंभर मीटर.

आम्ही दोघंही शिकलो ते मधूच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. आप्पा सोलापूरकडून येऊन विठ्ठलवाडीला स्टेशनजवळ राहिलेले. एका खोलीत संसार, शेजारच्या खोलीत फण्या आणि गावाकडून आणलेला एक हातमाग. दुरुस्त झालेल्या फणीवरून ते अंगठ्याचं नख या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आवाज सलग आला तर फणी गिऱ्हाइकाकडे जायची. मध्येच खुट्ट झालं, तर ती जागा बोटाने दाबून, डोळे न उघडताच विचारायचे, "हे कुणाचं?" ते नेहमी मधूचं असायचं.

मोठ्या पन्ह्याची, म्हणजे रुंद कापडाची, फणी छोटी करून द्यायचं काम आमच्याकडे फार येई. त्यात नुसती करवत चालवून भागत नाही. कापलेल्या टोकाला जाड पट्टी घालून पुन्हा घट्ट बांधावं लागतं, नाहीतर शेवटचे दात सैल होऊन सरकायला लागतात. मधू बांधायचा नाही, चिकटवायचा. मधला दात वाकला तर पकडीने हळूहळू सरळ करायचा सोडून तो दात उपटूनच टाकायचा आणि शेजारचे दोन दात अंदाजाने सरकवून मधली फट बुजवायचा. गंज घासायलाही त्याचा हात वळत नसे. मग भिवंडीचे यंत्रमागवाले कापडाचा तुकडा घेऊन यायचे, उजेडाकडे धरून रेघ दाखवायचे. मधू त्यांना बसवायचा, चहा मागवायचा, मुलांची चौकशी करायचा आणि शेवटी म्हणायचा, "शेठ, टेन्शन नका घेऊ. धुतलं की जाते."

यात अर्धं खरं होतं, आणि तेच जास्त चीड आणणारं. नव्या कापडात धागे जोडीजोडीने चिकटलेले दिसतात, बारीक रेघा असल्यासारखे. पाणी लागलं की ते पसरतात आणि रेघा जातात. पण उपटलेल्या दाताची रेघ सात पाण्यांनी धुतली तरी जात नाही. हा फरक मधूला कळत होता की नाही, हेच मला कधी समजलं नाही. कळत असेल तर तो लबाड, आणि नसेल तर आप्पांनी फुकट शिकवलं. दोन्हींपैकी एक काय ते त्याने सांगावं, एवढीच माझी अपेक्षा होती. एकदा म्हणायचं, "दाजी, चुकलं माझं." तो म्हणायचा, "दाजी, चहा घेणार?"

आप्पा गेले आणि खोली मधूकडे गेली. मुलगाच तो, माझी तक्रार नव्हती. मी डोंबिवलीला वेगळं काम सुरू केलं. वर्षभरात त्याची बिघडवलेली फणी घेऊन पहिलं गिऱ्हाईक माझ्या दारात आलं, आणि नंतर ती रांग कधी थांबली नाही. मी दात सरळ करायचो, टोकं बांधायचो, नख फिरवायचो. मनात म्हणायचो, हा माणूस माझ्या जिवावर कारागीर म्हणून मिरवतोय.

त्याचं खरं कौतुक झालं ते मात्र अलीकडे, ठाण्यात. माजिवड्याला एका उंच टॉवरमध्ये काही बायका छोट्या मागांवर विणायला शिकतात. त्यांच्यासाठी मधू जुन्या फण्या कापून छोट्या करून द्यायचा. एकदा मला आग्रहाने घेऊन गेला. एसी खोली, भिंतीवर मधूचीच एक फणी टांगलेली आणि तिच्या दातांत कानातली अडकवलेली. एका बाईंनी स्वतः विणलेला स्टोल दाखवला. मधोमध बोटभर अंतरावर दोन ढळढळीत रेघा. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "ही हाताची खूण आहे ना, काका? मशीनच्या कापडात असं येतच नाही. सो ब्यूटिफुल." मधूने मान डोलावली. नम्रपणे डोलावली, हे विशेष. परतीच्या रिक्षात मी बाहेर तोंड करून बसलो. तो मात्र माजिवड्यापासून स्टेशनपर्यंत गुणगुणत होता.

शेवटची भेट विठ्ठलवाडीच्या त्याच खोलीत झाली. हातमागाच्या शेजारी त्याची कॉट लावलेली होती. पार वाळला होता. सुनंदा आत चहा टाकायला गेली तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "मधू, खरं सांग. कुठली रेघ जात नाही, ते तुला कळायचं ना?"

त्याने मागाकडे नजर वळवली. मग म्हणाला, "दाजी, तुम्हाला कळायचं ना?"

"मला कळायचंच."

"मग झालं की..." आणि हसायला लागला, ते खोकला येईपर्यंत.

मी संतापून घरी आलो. म्हणजे चुका याने करायच्या आणि त्या कळायच्या मला. शालिनीला म्हटलं, तुझा भाऊ मरतानासुद्धा सुधारणार नाही. ती उठून आत गेली. माझंही चुकलंच.

आठ दिवसांनी त्याला अंगणात ठेवलं होतं. अंगावर नवं पांढरं कापड, कुणीतरी कल्याणहून घाईत आणलेलं. मी पायाशी उभा होतो. खांद्याच्या जरा खाली, तिथून पार पावलांपर्यंत, कापडात उभी रेघ होती. उपटलेल्या दाताची. कुठल्या मागाचं कापड, कुणी दुरुस्त केलेली फणी, देव जाणे. मला माझा संशय आहे. लोक रडत होते. शालिनी सुनंदाला धरून बसली होती. एकेकजण पुढे येऊन पायांवर पाणी घालत होता. माझी पाळी आली, मी तांब्या ओतला. कापड भिजून त्याच्या पायांना चिकटलं.

रेघ तशीच होती.

मी मान वर करून आजूबाजूला पाहिलं. चाळीस-पन्नास माणसं होती. ही रेघ दाखवावी, बघ म्हणावं, असा त्यांत एकही नव्हता. ज्याला ती दाखवायची तो तिच्याखाली झोपला होता. तेव्हा मला रडू आलं. लोकांना वाटलं, मेहुण्यासाठी रडतोय. बरोबरच होतं त्यांचं.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मधूने आप्पांच्या हातमागावर एक पंचा विणून मला दिला होता. फणी अर्थात त्याने स्वतः कापलेली. काठापासून चार बोटांवर रेघ. देतानाही म्हणाला होता, धुतलं की जाते. इतकी वर्षं मी त्याने अंग पुसलं, आणि वाळत घालताना दर वेळी उजेडाकडे धरून त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. परवा शालिनीने तो विरला म्हणून फरशी पुसायला काढला. मी तिच्या हातातून काढून घेतला, साबण लावून धुतला, पिळला आणि गॅलरीत जाऊन उन्हाकडे धरला.

"काय बघताय?" तिने विचारलं.

"रेघ गेली का, ते बघतोय."

"गेली?"

"नाही," मी म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं.