तातोबा आणि हिरव्या तुकड्यातला ऊस

पंचगंगेला पूर यायचा आषाढ-श्रावणात, पण तातोबा बोट चालवायला सुरुवात करायचा मृगाच्या पेरण्या उरकल्या की, आणि तीही पायी. बावड्याच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या शेतांत, बांधाबांधानं तो पुढे, टॅब घेऊन मी मागे. प्रत्येक शेतकऱ्याला त्याचा एकच प्रश्न, "दादा, औंदा हितं काय?"

सोयाबीन किंवा भात असेल तर टॅबवरच्या नकाशात मी तो तुकडा हिरवा करायचो, ऊस असेल तर तांबडा. पुरात अडकलेली माणसं काढायला बोट न्यायची ती हिरव्यावरून. बुडालेल्या उसाची पाती पंख्यात गुंडाळली की इंजिन जागीच बंद पडतं आणि रस्त्यावरून जावं तर विजेच्या तारा डोक्याला लागतात. ही सगळी अक्कल तातोबाची. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर, रंग तेवढे भरले. तो म्हणायचा, "वरनं फोटू काढणाऱ्याला ऊस दिसतोय. पर औंदाचा का गेल्या सालचा, ते बांधावर जाऊनच इचारावं लागतंय."

एका वर्षी माझा गुडघा दुखत होता. शेवटचे चार तुकडे राहिले. "उद्या जाऊ की," तातोबा म्हणाला. मी घरी बसून गेल्या वर्षीच्या आठवणीवर चारही हिरवे केले आणि त्याला सांगितलं, विचारून आलो.

पूर आला. मळीतल्या एका जैन शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईला, अक्कांना, आणि घरच्या पाच जणांना घेऊन आम्ही परतत होतो. तातोबानं वेग कमी केला.

"मास्तर, हितं पाणी सळसळतंय. खाली ऊस हाय."

"हिरवं आहे. सरळ घे."

"तुमी इचारलासा न्हवं?"

"विचारलंय."

त्यानं घेतली. पन्नास हातांवर पंखा अडकला, बोट आडवी फिरली. तातोबा विळा घेऊन पाण्यात उतरला. अर्धा तास एका हातानं बोट धरून तो पाती कापत होता. अक्का वरून म्हणाल्या, "कारखान्याची ऊसतोड औंदा लवकर सुरू झाली म्हणायची." भेदरलेली माणसं हसली, तोही हसला. सगळे सुखरूप पोहोचलो.

गावच्या तालमीत आमचा सत्कार झाला. तालमीचे अध्यक्ष म्हणाले, "तातोबा जरा वाट चुकला, पण सरांच्या टॅबनं वाचवलं." शाल माझ्या खांद्यावर आली. मी ती नीट सावरून घेतली. खाली उतरल्यावर तातोबा म्हणाला, "शाल झ्याक हाय की."

त्यानंतरही दोन मृग आम्ही बांध फिरलो. तो विषय त्यानं कधी काढला नाही. फक्त शेतकऱ्याचं उत्तर मला मोठ्यानं परत म्हणायला लावायचा, मगच रंग.

गेल्या माघात तातोबा झोपेतच गेला. यंदा मी त्याच तालमीत उभा राहून सांगितलं, वाट तो चुकला नव्हता, मी खोटं बोललो होतो. मग त्याच्या घरी गेलो. वहिनी जोंधळा पाखडत होत्या. त्यांनाही सांगितलं.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पाणी उतरल्याबरोबर त्ये शेतवाल्याला इचारून आलते. सत्काराला मी भांडायलाच निघालते. तर म्हणले, मास्तर आपल्या तोंडानं सांगतील, तवर तू गप."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"लई येळ लावलासा. बसा, आता जेवूनच जावा."