एक्कावन्न किलो

९ फेब्रुवारी १९९६, शुक्रवार. सकाळी मी चुलीवर कांदे भाजत होते. गावची जत्रा होती, दुपारी भावकीतली चाळीस माणसं जेवायला, आणि वाटणाचं कांदा-खोबरं सगळं मला एकटीला भाजायचं होतं. तेवढ्यात माझा धाकटा दीर मागच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात दोन स्वेटर, त्यावर युरियाचं रिकामं पोतं भोकं पाडून घातलेलं, आणि सगळ्यावर सासऱ्यांची घोंगडी.

"वयनी, त्या कांद्याचा वास आवरा. कालपास्नं पोटात अन्न न्हाई माझ्या."

"मग तुम्ही बाहेर जा," मी म्हटलं. "कांदा हितंच ऱ्हाणार."

हा माझा दीर रेसकोर्सवरचा जॉकी. पुण्याच्या सीझनला दोनदा सगळ्यांत जास्त शर्यती जिंकलेला, चॅम्पियन. यवतच्या एका सलूनमध्ये त्याचा चषकासह फोटो लावलेला होता. मला तो आवडत नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची माझ्याकडून भलती अपेक्षा राहणार नाही.

आमच्या घरात सासऱ्यांपर्यंत मेंढरंच होती. बिऱ्हाड लादायला एक तट्टू असे आणि हा पोरगा दिवसभर त्याच्या पाठीवर. बारा-तेरा वर्षांचा असताना हायवेच्या कडेला मेंढरं बसवली होती, तेव्हा घोड्यांच्या व्यवहारातला एक माणूस तिथं थांबला. त्यानं पोराला काखेत धरून उचलून पाहिलं, वजनच नाही म्हणाला, आणि मागून घेऊन गेला. पुढची तीन वर्षं पोरानं तबेल्यात लीद काढली. मग पहाटे घोडे फिरवायला लागला, मग लायसन मिळालं. गळ्याजवळचं हाड तीनदा मोडलं, पुढचे दोन दात घोड्यानं मान उडवली तेव्हा गेले. तरी दहा वर्षं तो चांगला चालला. हे सगळं मी लग्नानंतर ऐकलेलं, आणि इतक्यांदा ऐकलेलं की मलाच पाठ झालं.

मी पाहिलं ते वेगळं. सासरे, घरात सगळ्यांचे आबा, दोन वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. ते गेले तेव्हा हा दहाव्याला आला, काळा चष्मा लावून. नवऱ्यानं विचारलं, "येवढा उशीर?" तर म्हणाला, "त्या दिवशी पाच घोडे व्हते माझ्याकडं." भाकरी वाढली तर हातात तोलून बघितली आणि अर्धी परत टोपलीत ठेवली. सुतकाच्या घरात.

तिशीनंतर त्याचं अंग भरायला लागलं. पोट नव्हतं, हाडंच जड झाल्यासारखी. आता अडतीस वर्षांचा होता आणि घोडे मिळणं कमी झालं होतं. हिवाळ्यात मुंबईला परदेशातले जॉकी येतात. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातला एक चॅम्पियन आला होता. त्याचं नाव घरात कुणाच्याही तोंडी बसेना, म्हणून सगळे त्याला 'आस्ट्रेलियावाला' म्हणत. दीर त्याच्याबद्दल शिव्या दिल्याशिवाय बोलत नसे, पण बोले मात्र सतत.

"त्याच्या बापाचीबी मेंढरंच हायेत," तो सांगे. "आपली शंभर, त्याची दहा हजार. घोडा पळताना असा निजून बसतो, पाठीवर चहाचा कप ठिवा, सांडायचा न्हाई. आन् त्याला घाम काढाय लागत न्हाई. भाड्या जेवून उठतो तरी पन्नासच."

सहा वर्षांपूर्वी याच ऑस्ट्रेलियावाल्याला दिरानं एका मानेच्या अंतरानं हरवलं होतं. ती शर्यत तो अजून जेवणाच्या पाटावर बोटानं काढून दाखवे.

आदल्या दिवशी, गुरुवारी, तो जत्रेला म्हणून आला आणि चहाच्या वेळी त्यानं खरं सांगितलं. रविवारी मुंबईला मोठी शर्यत होती. ट्रेनरनं त्याला चांगला घोडा कबूल केला होता, पण अट घातली होती: शनिवारी दुपारी काट्यावर एक्कावन्न किलो भरायचं, पावशेर जास्त नाही. जास्त भरला तर घोडा ऑस्ट्रेलियावाल्याला. हा निघाला तेव्हा साडेत्रेपन्न होता.

"ह्यो घोडा गेला तर मला परत कोण इचारणार न्हाई," तो म्हणाला. "मग येतो हिकडंच ऱ्हायाला. निम्मं घर माझंच हाय."

सासूबाईंचे डोळे लगेच भरून आले. मी घराकडे पाहिलं. दोन खोल्या, एक पडवी, त्यात माझी तीन माणसं, सासूबाई, आणि आता हा, भाकरी तोलणारा. त्याचं वजन उतरवणं हे तेव्हापासून माझंही काम झालं.

घाम काढायला त्यानं आमच्या मळ्याशेजारचं गुऱ्हाळ निवडलं. मुंबईला नुसतं धावून आता अंगातून थेंब निघत नाही म्हणे. उसाचा रस आटवायच्या काहिलीखाली चुलाण पेटलेलं असतं, त्याच्या तोंडाशी चिपाडं टाकणारा माणूसही दर घटकेला बदलावा लागतो. त्या सकाळी माझ्या दारातून निघून हा तिथंच घोंगडी पांघरून बसला. बाहेरगावचे मजूर त्याला बघायला गोळा झाले.

"सब लोग खाके पहलवान बनते हैं," एक जण म्हणाला, "ये भूखा रहके."

गूळ बनवणारा म्हातारा गुळव्या काहिलीतली मळी काढत होता. तो म्हणाला, "जॉकी, वाकून बघू नगा. आत पडला तर ढेपंत निघाल, आन् गिऱ्हाईक माझ्या नावानं शंख करील."

दीर हसला नाही. हसायला थुंकी लागते, ती त्याच्या तोंडात उरली नव्हती.

दुपारी पंगत बसली. देवाला बोकड होतं. चुलतसासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते पहिल्या जागी बसले आणि त्यांनी दिराला शेजारी ओढून बसवलं. पातेलं घेऊन मी वाढत आले आणि त्याला सोडून पुढे गेले.

"अगं, त्याला वाढ की!" आप्पा म्हणाले.

"त्यास्नी न्हाई चालत, आप्पा."

"देवाचं चालत न्हाई? साहेब झाला का काय ह्यो? बाप मेला तवा आला न्हाई, आता देवाचंबी नको?"

सासूबाई तोवर माझ्या मागून आल्या. त्यांनी पातेल्यातून वाटी भरली. मी त्यांचं मनगट धरलं. चाळीस माणसांपुढे सुनेनं सासूचं मनगट धरलं, आणि ते मी सोडलं नाही.

"आत्याबाई, वजन वाढलं तर घोडा जाईल त्यांचा. मग ते हितंच येतील ऱ्हायाला."

"मग येऊ दी की!" त्या म्हणाल्या. "मी कशापायी वाढतीया, तुला काय वाटलं? शिरूरची कोरडवाहू जात तुमची. माणसाला पोटभर घालायचं तुम्हाला कवा कळायचं?"

पंगतीत हशा पिकला. माझं माहेर शिरूरकडचं, त्यामुळे हे मला दर सणाला ऐकावं लागे. मी हात सोडला. सासूबाईंनी एक फोड उचलली आणि पोराच्या तोंडात कोंबली. त्यानं ती चावली, डोळे मिटून, फार वेळ. मग तो उठला, गोठ्याच्या कडेला गेला आणि थुंकला. कोंबड्या धावल्या. आप्पांनी ते जागेवरून पाहिलं.

"देवाचं थुकलं ह्यानं," ते म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले. त्यांच्यामागून निम्मी पंगत उठली. माझा नवरा पत्रावळीकडे बघत बसून राहिला. एवढं भाजून, वाटून, शिजवून ते सगळं मी संध्याकाळी गल्लीत वाटलं.

चारच्या सुमाराला मी कोरडा टॉवेल घेऊन गुऱ्हाळावर गेले. दीर पुन्हा चुलाणापाशी बसलेला होता, ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. मला पाहून उठला, कपडे उतरवले आणि चड्डीवर काट्यावर उभा राहिला.

हा काटा उसाच्या मोळ्या तोलायचा. शेतकऱ्याचा ऊस विकत घेताना त्यावर तोलत, आणि तो काटा खात असे. पन्नास किलोमागे जवळजवळ किलोभर कमी दाखवी. मी आणि गुऱ्हाळवाला दर हंगामात यावरून भांडलेलो. आमच्या शिवारात ऊस लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. दिरानं कधी ऊस लावला नव्हता.

गुळव्यानं दांडीवरचं वजन सरकवलं, दांडी तरंगली.

"एक्कावन्न," तो म्हणाला. गुऱ्हाळवाला तिथंच बसलेला, त्यामुळे गुळव्या याहून जास्त बोलणार नव्हता.

दिरानं दोन्ही हात वर केले. मजुरांनी टाळ्या वाजवल्या.

"भावजी," मी म्हटलं, "आजून दोन तास बसा."

"कशाला?"

"बसा म्हणते ना. उद्या बरं पडंल."

तो काट्यावरून उतरला आणि टॉवेल माझ्या हातातून ओढून घेतला. "वयनी, तुम्ही ऊस तोला. पंचवीस वर्षं काट्यावर उभा ऱ्हातोय मी, मला नका शिकवू. तुमचं ह्ये 'बसा, उठा' आबाबी वैतागले व्हते त्याला. आईनं सांगितलंय मला. शेवटाला तुमच्या हातचं पाणीसुदीक नको म्हणाले ते."

मजुरांना मराठी फारसं कळत नव्हतं. गुळव्याला कळलं. तो काहिलीकडे वळून मळी काढायला लागला.

सासरे असं म्हणाले होते की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या आठवड्यात ते कुणाच्याच हातचं पीत नव्हते. पण मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: हा काटा खातो. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते मी बोलले असते तर तो आणखी बसला असता, वजनात बसला असता आणि मुंबईला राहिला असता. त्यात माझाच फायदा होता आणि तो मला स्पष्ट दिसत होता. मी म्हटलं, "बरं," आणि घरी आले. मागून तो कोरा चहा मागत असलेला ऐकू आला.

शनिवारी सकाळी तो मुंबईच्या गाडीत बसला. रविवारी नवऱ्याला यवतच्या एसटीडी बूथवर फोन आला. पाऊण किलो जास्त. ट्रेनरच्या दारात तो गाद्या पांघरून धावला म्हणे, पण अंगात घामच नव्हता. घोड्यावर ऑस्ट्रेलियावाला बसला आणि जिंकला.

मंगळवारी दुपारी दीर आला. एक ट्रंक, एक खोगीर. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला. तो उंबऱ्यातच थांबला.

"तुझ्या घासानं घात केला माझा," तो त्यांना म्हणाला. "सोता तोलून बघितलं व्हतं मी. एक्कावन्न भरलो व्हतो. तुझा त्यो घास अंगात भिनला."

"तू थुकला व्हतास की रं," सासूबाई म्हणाल्या.

"रस गेला व्हता पोटात."

एका घासानं पाऊण किलो वाढत नाही, हे त्यालाही कळत असणार. पण त्याला कुणीतरी हवं होतं आणि आई समोर होती. सासूबाई हातातला तुकडा टाकायचं विसरून तशाच उभ्या राहिल्या. मी आत पीठ मळत होते. मला सगळं ऐकू येत होतं. मी बाहेर गेले नाही. पुढे सात वर्षांनी सासूबाई वारल्या, तोवर तो त्यांना हे ऐकवत राहिला आणि मी तोवर गप्प राहिले. याचं मला वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर त्यांच्यासाठी थोडं वाटतं. त्याच्यासाठी नाही.

संध्याकाळपर्यंत त्यानं पडवीतलं माझं बियाण्याचं पिंप हलवून खाट टाकली होती आणि खोगीर माझ्या देवळीखालच्या खुंटीला अडकवलं होतं. नवरा म्हणाला, "चार दिवस जाऊ दी, बघू." त्याचे चार दिवस मला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं यवतला गेले आणि गवंड्याला बरोबर घेऊनच परत आले. दीर खाटेवर बसून बघत होता. मी पडवीपासून मागच्या दारापर्यंत फक्कीची सरळ रेघ ओढली.

"नऊ इंची भिंत घाल," मी गवंड्याला सांगितलं. "आन् मधी खिडकी ठेवू नगंस."