भट्टीवरची सही

ताईंचा विश्वास फक्त काचेवर, आणि तोही ती थंड झाल्यावर. टाकाऊ बाटल्यांचे तुकडे साच्यात भरायचे, भट्टीत वितळवायचे आणि त्यातून शिल्प काढायचं, हे त्या पंचवीस वर्षं करत होत्या. भंगारवाल्यानं धुऊन आणलेल्या बाटल्या त्या पुन्हा धुवायच्या. हाताखाली सख्खा धाकटा भाऊच होता, त्यामुळे संशय घ्यायला लांब जावं लागत नसे.

दवाखान्याच्या दारात ठेवायचं बसलेल्या बाईचं शिल्प दोनदा तडकून निघालं. वितळलेली काच बंद भट्टीत चार दिवस हळूहळू निवावी लागते. मध्येच दार उघडून गार वारा लागला, की तडा गेलाच म्हणून समजा. आता दार उघडणार कोण? फरशीच्या कारखान्यानं भावाला नोकरी देऊ केली होती. जाता जाता हा माझं नाव खराब करणार, असं ताईंनी मनाशी पक्कं केलं. शिवाय त्यांनी त्याला काचतुकड्यांच्या पिंपात चाचपडताना पाहिलं होतं. ताई दिसताच त्यानं हात खिशात घातला होता.

तिसऱ्या वेळी त्यांनी भट्टीच्या दाराच्या फटीवर कागदी पट्टी चिकटवली आणि वर सही ठोकली.

"हे कशाला, ताई?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

"धुळीला सही वाचता येते वाटतं?"

ताई हसल्या नाहीत. चार दिवस दहा-दहा वेळा पट्टी न्याहाळत राहिल्या.

पाचव्या दिवशी पट्टी जशीच्या तशी होती. आत बाई मात्र खांद्यापासून कंबरेपर्यंत चिरलेली. ताईंनी ती खिडकीशी नेली. चिरेत नखाएवढा एक तुकडा न वितळता तसाच बसला होता. गॅसवर ठेवायच्या किटलीची काच! ती बाटलीच्या काचेइतकी आकसत नाही. दोन्ही एकत्र आल्या की तडा ठरलेला. भावाला हे त्यांनीच शिकवलं होतं.

भावानं फळीवरून एक डबा काढून पुढे केला. आत तसलेच मूठभर तुकडे होते, आणि घरच्या किटलीची मोडकी चोच. दोन महिन्यांपूर्वी भांडणाच्या भरात ताईंनीच किटली आपटली होती आणि रागारागात तुकडे झाडून पिंपात लोटले होते. ते त्यांना आत्ता आठवलं.

"तेव्हापासून निवडतोय," भाऊ म्हणाला. "सगळे सापडले नाहीत."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तू काय म्हणाली असतीस?"

तूच टाकलेस, हेच म्हटलं असतं. ताईंना इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"कारखान्याला काल होकार कळवला," तो म्हणाला. "सोमवारपासून जातोय."

जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. ते अगदी ओठांवर आलं होतं.

"कालच?" ताई म्हणाल्या. "म्हणजे तडा जाणार हे भट्टी उघडायच्या आधीच तुला माहीत होतं?"

भावानं डबा त्यांच्या हातात दिला आणि तो हात धुवायला गेला.