लिंक रोडवरचं बारसं

माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं बारसं जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर झालं. पाळणा बोरिवलीत होता, पाहुणे बोरिवलीत होते, मुलगी स्वतःही बोरिवलीतच होती. नाव तेवढं पवईजवळ, मेट्रोच्या एका खांबापाशी ठेवलं गेलं. याचं सगळं श्रेय मला दिलं जातं आणि ते मला नाकारता येत नाही.

आदल्या दिवशी, शनिवारी, मी आमच्या गाडीला कॅमेरा बसवायला घेतला. समोरच्या काचेला लावतात आणि कोणी ठोकलं की पुरावा राहतो, तो. दुकानदार म्हणाला होता, "आम्ही बसवून देतो." मी म्हणालो, "दोन वायरी जोडायला माणूस कशाला?" (माझी बरीचशी संकटं याच वाक्याने सुरू झालेली आहेत.)

अडचण एकच होती. कॅमेऱ्याला वीज अशा ठिकाणाहून हवी, की गाडीची किल्ली फिरवली की तो चालू आणि किल्ली काढली की बंद. भलतीकडे जोडला, तर तो रात्रभर आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या भिंतीचं चित्रीकरण करत बॅटरी संपवणार. तेव्हा स्टिअरिंगखालच्या फ्यूजच्या डब्यातला, किल्लीबरोबर उठणारा आणि किल्लीबरोबर झोपणारा फ्यूज शोधणं आलं.

तो डबा हाडं असलेल्या माणसासाठी केलेला नाही. मी पाय सीटवर टाकले, डोकं पॅडलखाली घातलं, आणि हातात स्कूटरचा जुना बल्ब वायरी लावून धरला. किल्लीवर बायकोला, वृषालीला, बसवलं.

"फिरव!"

"फिरवली."

"काढ!"

"काढली. अरे, हेच किती वेळ करायचं?"

"सापडेपर्यंत."

"उद्या बारसं आहे, माझी साडी इस्त्रीला जायचीय. मी काय पगारी किल्लीवाली आहे?"

वॉचमन दोनदा येऊन माझ्या पायांकडे बघून गेला. तिसऱ्यांदा त्याने वृषालीलाच विचारलं, "मॅडम, ये आपके साथ हैं?" तिने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला.

शेवटी सापडला! निळा फ्यूज. किल्ली फिरवली की बल्ब पेटला, काढली की विझला. मी पॅडलखालूनच ओरडलो, "सापडला!"

"पण त्याच्यावर आधीच काहीतरी चालत असेल ना?" वृषालीने विचारलं.

"काही नाही गं. तो असाच असतो."

हे वाक्य मी इतक्या अधिकाराने म्हटलं, की माझा स्वतःचाही त्याच्यावर विश्वास बसला. मी फ्यूजच्या पायाला वायर गुंडाळली, फ्यूज जागेवर दाबला आणि कॅमेरा चालू झाला. झकास!

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण घरात फुकटची वीज सापडलीय ही बातमी पसरली. वृषाली म्हणाली, "मग माझा चार्जरही लाव ना." आई खिडकीतून म्हणाली, "माका उकडता हां! तो छोटो पंखो पण लाव." बाबांनी तर गाडीत चालणारा छोटा व्हॅक्युम क्लीनरच आणला. कुठल्याशा सोडतीत मिळाल्यापासून तो लावायला त्यांना जागा मिळत नव्हती. मी उदार झालो. त्याच वायरीवर एक तीन तोंडांचा सॉकेट बसवला आणि सगळ्यांची सोय केली.

रविवारी सकाळी आम्ही चौघं बोरिवलीला निघालो. वृषाली या बारशाची आत्या. नाव ठेवायचा मान तिचा आणि नावही तिनेच काढलेलं: मुक्ता. तिकडे तिची चुलत बहीण स्वाती टपून बसली होती. तिला मुलीचं नाव 'टियारा' ठेवायचं होतं. वृषाली वेळेवर पोचली नाही, तर पोरीला जन्मभर टियारा म्हणून हाका मारल्या जाणार, एवढी साधी गोष्ट होती.

पवईपर्यंत सगळं ठीक. पंखा फिरतोय, फोन चार्ज होतोय, कॅमेरा रस्ता टिपतोय. तेवढ्यात आईच्या हातून चिवड्याचा डबा कलंडला. अर्धा चिवडा सीटखाली. एरवी बाबा ओरडले असते, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला.

"कोणी हात लावू नका!" ते म्हणाले आणि त्यांनी व्हॅक्युम क्लीनर चालू केला.

त्याने मोठा आवाज केला, एक शेंगदाणा उचलला आणि बंद पडला. पाठोपाठ गाडीही बंद पडली. कशीबशी ती मी कडेला घेतली.

मी बॉनेट उघडून आत बघत उभा राहिलो. (आत काय बघायचं असतं ते मला माहीत नाही, पण बघायचं असतं.) आधी पेट्रोलवर संशय घेतला, मग बॅटरीवर, मग ज्याने सर्व्हिसिंग केलं त्या गॅरेजवर.

"काल तू जिथे हात घातला होतास ते बघ ना," वृषाली म्हणाली.

"त्याचा काही संबंध नाही."

"एकदा बघायला काय जातं?"

"अगं, संबंधच नाही!"

असा 'संबंध नाही' म्हणण्यात बराच वेळ गेला. मग मेव्हण्याचा, सुहासचा, फोन आला.

"ताई, कुठे आहेस? बाळ जागं आहे तोवर उरकूया म्हणतायत सगळे. स्वाती पाळण्याजवळ उभीच आहे."

वृषालीचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. बॉनेटमधून डोकं बाहेर काढू नये, इतकं वाईट वाटलं.

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "वृषे, रडू नको. कान बाळाचा, तोंड आत्याचं. मधे फोन असला म्हणून काय बिघडलं? सुहास, धर रे तो पाळण्यात!"

वृषालीने डोळे पुसले, फोन तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "कुर्रर्र... मुक्ता."

"ऐकू नाही आलं!" बोरिवलीहून गलका झाला.

"मुक्ता!"

नेमका एक डंपर गेला.

"काय? टियारा?" हा स्वातीचा आवाज.

तेव्हा मात्र माझी बायको पवईच्या त्या रस्त्यावर बेंबीच्या देठापासून ओरडली, "मुक्ताऽऽऽ! मुक्ता! मुक्ता!"

पलीकडे बाळाने भोकाड पसरलं, म्हणजे नाव पोचलं. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "मस्त नाव आहे, ताई." आईने त्याला उरलेला चिवडा दिला.

त्यानंतर वृषाली स्टिअरिंगखाली वाकली आणि माझी वायर गुंडाळलेला निळा फ्यूज उपटून काढला. आतली तार जळालेली. बाबांनी चष्मा लावून फ्यूजच्या डब्याच्या झाकणामागचं वाचलं आणि म्हणाले, "पेट्रोलच्या पंपाचा आहे."

"असाच असतो ना तो?" वृषाली म्हणाली. वाट लागली म्हणतात ती ही.

तसाच दुसरा निळा फ्यूज हॉर्नचा होता. तो काढून पंपाला लावला आणि निघालो. मुंबईत हॉर्नशिवाय गाडी चालवायची म्हणजे थट्टा नव्हे. बोरिवलीपर्यंत बाबा खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होते, "ओ भाऊ! बाजूला! आमचं बारसं आहे!"

पोचलो तेव्हा घुगऱ्या वाटून झाल्या होत्या आणि मुक्ता झोपली होती. वृषालीने तिला पोटाशी घेतलं आणि तिचा राग निवळला, असं मला वाटलं. तेवढ्यात कोणीतरी आठवण करून दिली, की नाव ठेवताना बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते राहूनच गेले.

"माझ्या पाठीत कशाला?" वृषाली म्हणाली. "हा काय उभा आहे."

पंधरा-वीस बायका उठल्या. जावयाच्या अंगाला हात कसा लावायचा, म्हणून जरा घुटमळल्या. तेव्हा सासूबाईच पुढे झाल्या. वर्षभर त्यांचा उजवा खांदा आखडलेला होता, हात खांद्याच्या वर जात नव्हता, औषधं, शेक, व्यायाम सगळं करून झालं होतं. त्या दिवशी तो हात सरळ वर गेला आणि दाणकन माझ्या पाठीत आला. घरात टाळ्या पडल्या. माझ्या हातून नीट झालेली ही एकमेव दुरुस्ती.