घाईचा मेल

वारंगा फाट्यावरच्या माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानाचा एकच मेल आयडी आहे, आणि त्यावर आमचं अर्धं गाव नांदतं. ज्याला स्वतःचा मेल नाही त्याच्या फॉर्मवर मी माझाच टाकून द्यायचे. लोक म्हणायचे, ताईंचा मेल म्हणजे आपलाच. मला त्याचा भारी तोरा होता.

मग चोरांचे मेल सुरू झाले. पार्सल अडकलंय, खातं बंद होतंय, चोवीस तासांत इथं दाबा. नावं, चिन्हं सगळी मोठ्या ऑनलाइन कंपन्यांची. पाठवणाऱ्याचा पत्ता उघडून बघितला की भलताच. असले दहा मेल छापून मी तालुक्याला पोलिसांत तक्रार द्यायला गेले. तिथल्या माणसानं विचारलं, "पैसे गेले का?" म्हटलं, नाही. "मग काहून आल्या?"

डोकं असं फिरलं की ठरवलं, आता आपणच बघून घेऊ. दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला: घाई करणारा मेल चोराचा. येईल त्याच्याकडून तो पाठ करून घ्यायचे. पुढेपुढे तर असला मेल दिसला की मी वाचतही नसे. 'फिशिंग' म्हणजे फसवणूक म्हणून तक्रारीचं बटण दाबायचं, मेल स्पॅममध्ये, विषय संपला.

मेंढ्या पाळणाऱ्या घरातली एक पोरगी होती, बारावी झालेली. नांदेडला एका ऑनलाइन कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायची नोकरी निघाली होती, तिचा अर्ज मीच माझा मेल टाकून भरून दिला होता. नोकरी लागली तर लग्न दोन वर्षं थांबवतो, असं बापानं कबूल केलं होतं. दर बाजाराच्या दिवशी ती यायची.

"मावशी, आलं का?"

"न्हाई गं."

चौथ्या खेपेला म्हणाली, "स्पॅममधी बघा ना."

बघितलं. मुलाखतीचं बोलावणं तिथं पडलं होतं. 'चोवीस तासांत खालच्या लिंकवर होकार कळवा.' पाठवणाऱ्याचा पत्ता अगदी खरा. तीन आठवड्यांपूर्वी मीच त्याची तक्रार केली होती. कंपनीला फोन लावला, तर जागा भरल्या होत्या. चोर साहेबांसारखं लिहितात ते समजतं. साहेबांनी चोरांसारखं काय म्हणून लिहावं? पण त्यांच्यावर राग काढून माझं भागेना. पत्ता बघायला मला असा किती वेळ लागला असता?

ती रडली नाही, भांडली नाही. भिंतीवरच्या कागदाकडे बघत म्हणाली, "तुमी तर बराबरच लिहिलंय." त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लग्न ठरल्यावर ती एकदाच आली. "मावशी, मला माझा सोताचा मेल काढून द्या." मी काढून दिला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिनं ओढणी पुढे ओढली, माझ्या नजरेपासून कीबोर्ड झाकला, आणि एकेक अक्षर दाबलं. पासवर्ड कुणालाच दिसू द्यायचा नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.