तात्पुरती कडी

दिवसभर ती लोकांना एकच प्रश्न विचारायची, "ऐकू आलं?"

इस्पितळाच्या कान-नाक-घसा विभागात, जाड दाराच्या एका लहानशा खोलीत ती लोकांचे कान तपासत असे. पेशंट आत, हेडफोन लावून. ती काचेबाहेर, समोर बटणं. बारीकसा आवाज सोडायचा आणि पेशंटने हात वर करायचा, एवढंच काम. पण इतकी वर्षं हळू आवाजांची संगत केल्याने तिचा स्वतःचा आवाजही मऊ होऊन गेला होता. हिला भांडता म्हणून येत नाही, असं विभागातली माणसं कौतुकाने म्हणत.

आणि संध्याकाळी ही बाई घरी परतायची ती थेट ड्रिल मशीनच्या तोंडी.

घराचं काम काढायची हौस नवऱ्याची. तो विमा कंपनीत होता आणि जेवता जेवता मोबाइलवर दुसऱ्यांची घरं बघायचा. "स्वयंपाकघर कसं मोकळं हवं," तो म्हणायचा, "आणि बाथरूममध्ये उजेड हवा." सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. "पोर अजून धड बोलत नाही. तिला शाळेत जाऊ द्या, मग पाडा काय त्या भिंती." कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून घरात काहीही फुटलं, गळलं, हरवलं की सासूबाई एकच वाक्य टाकायच्या, "मी काही बोलत नाही." दिवसातून इतक्या वेळा त्या काही बोलत नसत की सुनेला वाटायचं, यापेक्षा बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

कंत्राटदार मात्र लोण्यासारखा गोड. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास, कधी आवाज चढवणार नाही. त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना दोन उत्तरं होती. काम कधी होईल विचारलं की "दोन दिवसांत." आणि हे असं का केलंय विचारलं की "तात्पुरतं आहे, ताई." स्वयंपाकघर आणि बाथरूम एकाच वेळी फोडू नका, असं तिने बजावलं होतं. त्याने मान डोलावली आणि दोन्ही एकाच दिवशी फोडली. त्यामुळे बिऱ्हाड सगळं पुढच्या खोलीत. फ्रिज पलंगाला चिकटलेला, शेगडी कॉम्प्युटरच्या टेबलावर, भांडी घासायची गॅलरीत. अंघोळीला शेजारच्या बाईंकडे जायचं, आणि त्या बाई दरवेळी विचारायच्या, "अजून नाही झालं?" दुधावर साय यायच्या आधी सिमेंटची धूळ यायची. ब्रेडवर धूळ, कंगव्यात धूळ. उशीवर थाप मारली की खोकला.

या सगळ्यात आनंदात होती ती एकटी भिंगरी.

भिंगरी म्हणजे मुलगी. नाव वेगळं होतं, पण चालायला लागल्यापासून ती एका जागी दिसली नव्हती, म्हणून हे नाव पडलं. तिच्या दृष्टीने घर आत्ता कुठे राहण्याजोगं झालं होतं. वाळूचा ढीग, घमेली, पाइपांचे तुकडे, पाण्याने भरलेली पिंपं! गवंड्याच्या मागे मागे फिरून ती भिंतीला त्याची लेवलची पट्टी लावून बघायची आणि नाक मुरडायची. एकदा तिने आजीच्या चष्म्याच्या काचांना ओलं सिमेंट फासून त्या उन्हात वाळत ठेवल्या. जेवायला ये म्हटलं की म्हणायची, "काम तालू आए." झोपायला चल म्हटलं की दोन बोटं वर करून सांगायची, "दोन दिवश!" नवरा खो खो हसायचा. बायकोला हसू येत नसे. दिवसा मशीन बंद असलं की पोरगी झोपतच नसे, आणि सुरू असलं की बाकी कुणी. कुणाच्या नशिबी काय सुख, या विचाराने तिचं टाळकं सणकायचं.

एके दिवशी तिला सुट्टी होती. नवरा कामावर, आणि कामगारांचा पत्ता नाही. कंत्राटदाराने त्यांना परस्पर दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी पाठवलं होतं. बाथरूम मात्र एकदाचं होत आलं होतं. फरशी बसली होती, नवं दार आदल्याच दिवशी लागलं होतं. फक्त चौकटीची वरची बाजू अजून पक्की बसली नव्हती म्हणून सुताराने दाराच्या पार खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आतून एक कडी ठोकली होती. "तात्पुरती आहे," कंत्राटदार म्हणाला होता.

ती गॅलरीत कालची भांडी विसळत होती. आतून 'खट्' असा आवाज आला. कानांचं माणूस ती; घरातला प्रत्येक आवाज तिला ठाऊक होता, आणि हा नवा होता. हातातली वाटी तशीच घेऊन ती धावली. बाथरूमचं दार बंद. ढकललं, हललं नाही.

"भिंगरी?"

"काम तालू आए," आतून उत्तर आलं.

"कडी काढ, सोन्या. कडी मागे ओढ."

आत थोडी खुडबुड झाली. नवीकोरी कडी, तेलपाणी न केलेली. ढकलताना गेली होती, पण मागे यायला तयार नव्हती. "नाई येत," भिंगरीने जाहीर केलं आणि ती दारापासून निघून गेली.

बाथरूमच्या आणि झोपायच्या खोलीच्या मधल्या भिंतीत, जमिनीलगत, पाइपासाठी पाडलेलं मुठीएवढं भोक होतं. ते बुजवा म्हणून ती किती दिवस कंत्राटदाराच्या कानीकपाळी ओरडत होती. आता ती त्याच भोकापाशी पालथी पडली आणि तिने डोळा लावला. भिंगरीचे पाय दिसले. गवंड्याची बादली दिसली. फरश्यांमध्ये सारख्या फटी राहाव्यात म्हणून घालतात ते प्लॅस्टिकचे पांढरे क्रॉस जमिनीभर सांडलेले दिसले. आणि पलीकडे, दाराच्या कोपऱ्यात, फरशी धुवायच्या ॲसिडचा कॅन. 'वर ठेवा हो हा,' असं तिने गवंड्याला सांगितलं होतं आणि तो 'हो हो' म्हणाला होता. झाकणाच्या जागी कापडाचा बोळा होता.



"आई!" तिने हाक मारली. सासूबाई आल्या, खाली बसल्या, भोकातून पाहिलं आणि त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. सुनेने पडल्या पडल्याच कंत्राटदाराला फोन लावला.

"मुलगी आत अडकलीय. आत ॲसिड आहे. सुताराला आत्ताच्या आत्ता पाठवा."

"अरेरे! घाबरू नका ताई. सुतार जरा लांब गेलाय. मी बघतो, दोन दिव—"

तिने फोन बंद केला. त्याला काय म्हणायचं ते नंतर.

"आई, दार फोडावं लागेल. मी हिला इथे गुंतवून ठेवते. ही मला सोडून कुणाचं ऐकणार नाही. तुम्हाला जमेल?"

सासूबाई तडक उठल्या आणि गवंड्याचा हातोडा शोधायला गेल्या.

इस्पितळात अगदी लहान मुलं यायची, तेव्हा ती त्यांना हात वर करायला सांगत नसे. त्यांच्या हातात एक ठोकळा द्यायची. आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा. बिचकणारी, रडणारी पोरंही या खेळात रमायची. तिने भोकात दोन बोटं घातली आणि हलवली.

"भिंगरी, इकडे बघ. ते पांढरं पांढरं उचल. कानाशी धर. मी टक् करणार. टक् झालं की बादलीत टाकायचं. कळलं?"

भिंगरी तिच्याकडे म्हणजे तिच्या बोटांकडे वळली. आईने हातातली वाटी भिंतीवर आपटली. टक्. बादलीत बारीकसं काहीतरी पडलं.

"शाब्बास! आता दुसरं."

तेवढ्यात दारावर हातोड्याचा पहिला घाव बसला. एखादं पोर भेदरून गेलं असतं; पण हे पोर ठोकाठोकीच्या अंगाईवर वाढलेलं. भिंगरीचा चेहरा उजळला. "आजी काम!" असं म्हणत ती दाराकडे वळली. म्हणजे कॅनकडे.

"आई, थांबा! एक घाव मारा की थांबत जा. मी सांगते तेव्हाच मारा!"

"बरं!" बाहेरून आवाज आला.

"भिंगरी, आता खूप हळू टक् होणार आहे. इतकं हळू, की तुला ऐकूच येणार नाही बघ."

ही युक्ती लहानांना हमखास लागू पडते. आवाज वाढवला की ती सैरावैरा होतात. कमी केला की कान देतात. भिंगरी थबकली. परत आली, भोकाशी उकिडवी बसली, श्वास रोखून. टक्, इतकं हलकं की तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं. बादलीत क्रॉस पडला.

"आलं! आलं ऐकू!"

"आता आजीची पाळी. आई, मारा!"

धाड! दार कुरकुरलं. भिंगरीने मान वळवली. "आता माझी पाळी, इकडे बघ." टक्. आजी, आई, आजी, आई. तिचा गाल जमिनीवरच्या वाळूत रुतला होता, कोपर सोलवटलं होतं, आणि आवाज मात्र इस्पितळातल्या काचेबाहेरचा, मऊ. एकदा भिंगरीने क्रॉस तोंडात घातला. "बादलीला भूक लागलीय, तुला नाही," असं तिने सांगितलं तेव्हा तो बाहेर आला. मग खेळाचा कंटाळा आला. भिंगरी उठली. "बास," म्हणाली आणि दाराकडे निघाली.

"आई, आता थांबू नका!" ती ओरडली.

सासूबाईंनी धाड धाड धाड लागोपाठ घाव घातले. दाराच्या खालच्या बाजूला मोठं खिंडार पडलं, त्यातून एक सुरकुतलेला हात आत आला आणि कडी मागे ओढली गेली. ती धावत पोचली तेव्हा सासूबाईंच्या एका काखेत भिंगरी होती आणि दुसऱ्या हातात, अंगापासून लांब धरलेला, तो कॅन. भिंगरी गळा काढून रडत होती. आजीने तिचं काम बंद पाडलं म्हणून.

तिने पोरीला घेतलं, हात हुंगले, तोंड उघडून पाहिलं, बोटं मोजल्यासारखी एकेक तपासली. सगळं ठीक होतं. सासूबाईंनी कॅन गॅलरीच्या टोकाला नेऊन ठेवला आणि मग भिंतीला टेकून खालीच बसल्या. 

"मी आता बोलणार आहे," त्या म्हणाल्या.

"बोला, आई."

"हे दार बघ. लाकडाचं म्हणून लावलंय ना याने? वर पातळ फळी आणि आत नुसता पुठ्ठा आहे गं! म्हणूनच माझ्यासारखीच्या हातून फुटलं."

दोघी त्या खिंडारात बघत राहिल्या. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पुठ्ठा होता. मग सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि मधाळ आवाजात कंत्राटदाराला म्हणाल्या, "पोर सुखरूप आहे हो. पण तुमचं दार बघून आम्ही थक्क झालोय. जरा येऊन जाल?"

कौतुकाला तो लगेच आला. फुटक्या दारापाशी उभा राहून त्याने जीभ चावली. "अरेरे, ताई, नवं दार होतं. जरा धीर धरायचा होतात. आता दोन दिवसांत—"

आणि तिचा आवाज फुटला. इतक्या वर्षांचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. ती जे ओरडली ते खालच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असणार. धूळ, शेगडी, शेजारच्या बाई, पुठ्ठा, ॲसिड, काही म्हणून सुटलं नाही. मध्येच थांबून तिने दम घेतला, तेव्हा कडेवरच्या भिंगरीने आईचं बोट पकडून कंत्राटदाराकडे रोखलं आणि तितक्याच जोरात काहीतरी अगम्य सुनावलं. कंत्राटदाराने रुमालाने मान पुसली. त्याला त्या दिवशी ना 'दोन दिवस' सुचलं ना 'तात्पुरतं'. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी माणसं हजर होती.

त्या दिवशी संध्याकाळी नवरा आला. बूट काढता काढता म्हणाला, "अरे, दाराला काय झालं?"

त्याला सगळं सांगितलं. तो पांढरा पडला, पोरीला छातीशी घट्ट धरून बसला. तिथेच गप्प राहता तर निभावलं असतं. पण थोड्या वेळाने म्हणाला, "पण कंत्राटदाराशी शांतपणे बोलली असतीस तर..."

"तू गप्प बस," बायको म्हणाली.

"तू गप्प बस," आई म्हणाली. दोघी एकदमच.

भिंगरीने बापाच्या तोंडावर हात ठेवला.

नवं दार भरीव आलं. सासूबाईंनी स्वतः ठोकून, वाकून, वास घेऊन पसंत केलं. कडी मात्र या वेळी सुताराने धडा घेऊन लावली, म्हणजे इतकी वर लावली की भिंगरीचा काय, सासूबाईंचाही हात पोचेना. खाली घ्या म्हटल्यावर तो म्हणाला, आता भोक पडलं, दार खराब दिसेल. त्यामुळे बाथरूम झालं, उजेडाचं झालं, आणि सासूबाई आत गेल्या की दार नुसतं लोटून घेतात आणि कुणी आत येऊ नये म्हणून अंघोळ संपेपर्यंत अखंड बोलत राहतात. कंत्राटदारापासून शेजारच्या बाईंपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. बाहेर ऑफिसला उशीर होत असलेला मुलगा टॉवेल घेऊन ताटकळत असतो, आणि सून म्हणते, "थांब जरा. त्या इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या."